भांडणाचे गाव

लातूर जिल्ह्याचे ठिकाण झाले, तेव्हा नांदेडच्या ज्या दैनिकात मी उपसंपादक होतो, त्याने मला तिथे वार्ताहर म्हणून पाठवले. उपसंपादकाचे काम म्हणजे दुसऱ्याने लिहिलेले कापणे, मथळा देणे आणि महत्त्वाच्या मजकुराभोवती चौकट आखणे. आई वारली होती, लग्न केले नव्हते, त्यामुळे बदलीला हरकत घेणारे घरात कुणी नव्हते. नांदेडला नदीच्या बाजूला पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. त्यांना कुलूप लावले आणि किल्ली खिशात घालून लातूरच्या गाडीत बसलो.

लातुरात राहायला मिळाली ती एका पंपाच्या दुकानावरची माडी. दुकान अप्पांचे. अप्पा लिंगायत, पन्नाशीचे. आधी आडत बाजारात करडई आणि तुरीची खरेदी करत. दोन पावसाळे कोरडे गेले, बाजारात माल येईना, तेव्हा त्यांनी पंप ठेवायला सुरुवात केली. शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत तेव्हा बोअर पाडण्याच्या गाड्या रात्रंदिवस फिरत होत्या आणि जिथे बोअर तिथे पंप लागे. अप्पा सकाळी आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, रांगेत उभ्या केलेल्या पंपांना उदबत्ती ओवाळत आणि मग शटर पूर्ण वर करत.

शहराला जिल्ह्याचा अभिमान होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, फायली गोणपाटात होत्या, पण पाट्या नव्या होत्या. लोकांना त्यांतले कोर्ट सर्वांत जास्त आवडले होते असे माझ्या लक्षात आले. आधी मोठा दावा असला की उस्मानाबादची एसटी धरावी लागे. वकिलाची वेळ चुकली तर मुक्काम पडे. आता कोर्ट पायी जाण्याच्या अंतरावर होते. दोन माणसे रस्त्यात हातघाईवर आली तरी त्यांतला एक म्हणे, "चल की, आता कोर्ट हितंच हाय." मी या विषयावर एक बातमी केली होती. ती आतल्या पानावर आली.

दुकानाच्या मागच्या गल्लीत एका काकूंची खानावळ होती. काकू उदगीरकडच्या. नवरा लवकर गेलेला, मुलगी दिलेली. बोलताना मध्येच कानडी शब्द येत. एखादी गोष्ट नको असली की त्या "बेडा" म्हणत, आणि ते एकदा म्हटले की विषय संपे. नव्या कचेऱ्यांत बदलून आलेले कारकून, मास्तर, सर्व्हेअर असे सगळे एकटे पुरुष त्यांच्याकडे मेंबर होते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, एक भाजी, आणि शनिवारी गोड काहीतरी.

माझी जागा भिंतीकडेला, पाण्याच्या रांजणाशेजारी. मी बसलो की पंगतीतले बोलणे खाली येई. वार्ताहरापुढे बोललेले दुसऱ्या दिवशी छापून येते अशी कारकुनांची समजूत होती. एखाद्या बदलीची गोष्ट चाललेली असायची, मी ताटावर बसलो की ती भाजीच्या मिठावर यायची. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केले असते. बोलायच्या त्या फक्त काकू, भाकरी वाढताना.

"काय छापलं आज?"

"टँकर आले म्हणून."

"आन् पाणी?"

"ते नाही छापलं."

"मग बरंच खरं छापलं की."

एवढेच. पण त्या दिवसांत मी दिवसभरात जे काही ऐकत असे, ते सगळे कुणाचे तरी निवेदन असे. काकूंचे बोलणे तेवढे निवेदन नसे.

काकूंच्या अंगणात बोअर होती आणि तिच्यावर अप्पांच्या दुकानातला पंप होता. पंप एका मद्रासच्या कंपनीचा. कंपनी करार करून पंप देई. दोन वर्षे दुरुस्ती कंपनीची, त्या बदल्यात छापील करारावर सही. तो पंप बसवला त्या दिवशी मी हजर होतो. काकूंनी पंपाला हळद-कुंकू लावले, अप्पांनी नारळ फोडला, करार काकूंपुढे धरला आणि खाली बोट ठेवून म्हणाले, "हितं." काकूंनी सही केली, कागद कपाळाला लावला आणि देवळीत ठेवून दिला. पाणी आले. मेंबरांनी टाळ्या वाजवल्या. खानावळ त्या पंपावर चालली होती, हे सांगायला नको. पीठ मळायला, वरण शिजवायला, ताटे धुवायला पाणी लागते. शहरात नळ आठवड्याला एकदा येई आणि तोही भरवशाचा नव्हता.

चैत्रात पंप जळाला.

कंपनीचा मिस्त्री आला, पंप वर काढला, वास घेतला आणि म्हणाला, बोअर कोरडी असताना चालवला, ही दुरुस्ती कंपनीकडे लागत नाही. काकू म्हणाल्या, पाणी येत होते तोवरच बटण चालू होते, त्या स्वतः शेजारी बसून होत्या. मिस्त्रीने लिहिले ते लिहिलेच. मग काकू देवळीतला कागद घेऊन कोर्टाकडे निघाल्या. मी त्या बाजूला रोजच जात असे, म्हणून बरोबर गेलो.

वकील कोर्टासमोरच्या लिंबाखाली टेबल टाकून बसत. त्यांनी कराराचा पुढचा भाग चाळला, मग कागद उलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवला. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत कलमे होती. त्यांतले शेवटून दुसरे त्यांनी मोठ्याने वाचले. करारातून उद्भवणारे सर्व वाद कंपनीने नेमलेल्या एकमेव लवादाकडे मद्रास मुक्कामी सोपवले जातील आणि त्याचा निर्णय उभय पक्षांवर बंधनकारक राहील.

"म्हंजे?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे कोर्टाऐवजी एक माणूस निवाडा करणार. त्याला लवाद म्हणतात. त्याला कंपनी नेमणार आणि तो मद्रासला बसणार."

"आन् हे कोर्ट?"

"इथं दावा टाकता येईल. पण कंपनी हे कलम दाखवून तो थांबवायला सांगेल, आणि कोर्ट बहुतेक थांबवेल. तुम्ही सही केलीय काकू."

काकूंनी नव्या पाटीकडे पाहिले. "मग हे एवढं लांबून आणलं कशाला?"

वकील हसले. फी घेतली नाही. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे असे आणखी दोघे येऊन गेल्याचे त्यांनी मला सांगितले, आणि नाव छापू नका असेही सांगितले.

तिथून काकू थेट दुकानात गेल्या. गिऱ्हाईक बसलेले होते. काकू पायरीवर उभ्या राहिल्या.

"अप्पा, नारळ फोडताना बोलला न्हाईत."

"काय बोललो न्हाई?"

"मद्रास."

अप्पांनी कागद हातात घेतला, दारापाशी उजेडात नेला, आणि बराच वेळ ओठ हलवत वाचला. "काकू, शंभूची आण, मी बी आजच वाचायलोय."

"दुकान तुमचं, गल्ला तुमचा, आन् कागद वाचला न्हाई?"

"कागद कंपनीचा हाय. मी निस्ता सही कुठं करायची ते दावतो."

हे वाक्य त्यांनी खोटे बोलण्यासाठी म्हटलेले नव्हते. आडत बाजारात त्यांचा जन्म गेला होता. तिथे भाव रुमालाखाली ठरत असे. दोघांचे हात कापडाखाली, बोटे दाबून आकडा सांगायचा, बघणाऱ्याला काही दिसायचे नाही. पण त्या व्यवहारात वाद झाला तर तो सगळ्यांसमोर, ओट्यावर, बाजारातल्या चार जुन्या माणसांपुढे मिटत असे. भाव झाकलेला, भांडण उघडे. या कागदात ते उलटे होते. भाव वर ठळक छापलेला होता आणि भांडण मागे दडवलेले. अशा कागदाची अप्पांना सवय नव्हती, आणि काकूंनाही नव्हती.

चार दिवसांनी कंपनीचा निरोप आला. एजंट अक्षय्य तृतीयेनंतर लातूरला येईल. काकूंनी जुनी तक्रार सोडून नवा करार केला, तर नवा पंप सवलतीत मिळेल. नाही तर नाही. पूर्ण किमतीत दुसरा पंप घेणे काकूंच्या आवाक्यात नव्हते. म्हणजे काकूंपुढे तेवढे दिवस होते, आणि तेवढे दिवस खानावळ टँकरच्या पाण्यावर चालवायची होती. ताटांच्या जागी पत्रावळी आल्या. हात धुवायला एकच बादली, तिच्यातले पाणी शेवटी कडेच्या पपईला. शनिवारचे गोड बंद झाले. मेंबर कमी होत गेले. कुणाला बायको घेऊन यायची होती, कुणाला हॉटेल परवडत होते. पंगत आखूड होत भिंतीकडे सरकली, आणि एके दिवशी माझ्या शेजारी फक्त एक वयस्कर सर्व्हेअर उरला, जो जेवताना कधीच बोलत नसे.

अप्पा एका संध्याकाळी माडीवर आले. ते कधी वर येत नसत.

"पत्रकार, तुमी बारीक बातमी मोठी करताव, न्हाई का?"

"कधी कधी."

"मग हे एवढं मोठं करून द्या. कंपनीचा कागद मला बदलता येत न्हाई. पर माझी चिठ्ठी मी टाचून देऊ शकतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात भरंल अशी. पुन्हा कुणी पायरीवर उभं राहून मला ‘मद्रास’ म्हणू नये."

मला हे काम सोपे वाटले. लोकांच्या नजरेस काय पडते हे ठरवण्याचाच मी पगार घेत आलो होतो. कलमाच्या साध्या मराठीत चार ओळी केल्या. वर मथळा दिला: महत्त्वाची सूचना. भोवती जाड काळी चौकट आखली आणि छापखान्यात देऊन आलो. चिठ्ठ्या तयार झाल्या त्या मला पहिल्या पानाच्या वाटल्या.

दुसऱ्याच दिवशी लोहा गावाहून आलेले एक कुटुंब पंप घ्यायला आले. म्हातारा, त्याचा मुलगा, सून. बरोबर टोपलीत नारळ, फुले, आणि भटजींनी काढून दिलेली वेळ. अप्पांनी करार पुढे केला. वर माझी चिठ्ठी टाचलेली. म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

"कोण गेलं?"

"कुठं कोण गेलं?" अप्पा म्हणाले.

"हे कुणाचं हाय मग? पेपरात येतं तसलं."

सुनेने टोपली उचलून मागे घेतली. मुलगा समजावायला लागला की ही नुसती सूचना आहे. म्हातारा म्हणाला, सूचना असू दे, पण बोअरला पाणी लागायच्या दिवशी काळ्या चौकटीचा कागद मी घरात नेत नाही. ते लोक उठून गेले आणि समोरच्या दुकानातून पंप घेऊन गेले. मराठी पेपरात जाड काळी चौकट कशाभोवती असते, हे मला सांगायला लोह्याचा म्हातारा लागला. मी त्या चौकटी वर्षानुवर्षे स्वतः आखल्या होत्या. पंप हा घरात येणारा पाहुणा असतो आणि त्याच्या कागदावर सुतक चालत नाही, एवढे मी विसरलो होतो.

अप्पा रागावले नाहीत. "काळं नको. लाल करा," एवढेच म्हणाले.

लाल शाईची चिठ्ठी सुबक झाली. कोपऱ्यांत छापखान्याकडे पडून असलेली वेलबुट्टी घातली. ती लोकांना आवडली. इतकी आवडली की ती हातात घेऊन, कपाळाला लावून, घडी करून ते वरच्या खिशात ठेवू लागले. एकाने विचारले, "लगीन कुणाचं, अप्पा? तुमच्या घरचं?" लाल अक्षर, वेलबुट्टी, वर ‘श्री’. लग्नपत्रिका कुणी वाचत नाही, ती घ्यायची असते. मी खाली पायरीवर बसून एक अख्खी दुपार पाहिले. चिठ्ठी हातात घेणाऱ्यांपैकी एकानेही मद्रास हा शब्द मोठ्याने उच्चारला नाही.

माझ्या बातम्या नांदेडला एसटीने जात. पाकिटावर ‘प्रेस’ असे लिहून स्टँडवर नांदेडच्या गाडीच्या ड्रायव्हरला द्यायचे, तिकडे कचेरीचा शिपाई उतरवून घ्यायचा. रोजचे काम. त्या दिवशी स्टँडवर फार गर्दी होती. दुष्काळाने माणसे बाहेर निघाली होती, पुण्याला, सोलापूरला, कुणी हैदराबादकडे. पोती, भांडी, लहान मुले. गाडी आत शिरली की सगळ्या माना एकदम वर होत आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पाटीकडे लागत. ज्यांना वाचता येत नव्हते तेही पाटीकडेच बघत आणि शेजाऱ्याला विचारत, "कुठली हाय?" गाडीच्या अंगावर इतर पुष्कळ काही लिहिलेले होते. तिकिटावरही पुढे-मागे बारीक छापलेले होते. ते त्या स्टँडवर कुणालाच सांगता आले नसते. गावाचे नाव मात्र चुकत नव्हते. कुठे जायचे आहे आणि कुठून जायचे आहे.

परत येऊन तिसरी चिठ्ठी लिहिली. चौकट नाही, वेलबुट्टी नाही, ‘श्री’ नाही, महत्त्वाची सूचना नाही. एसटीच्या पाटीसारखी आडवी पट्टी, आणि छापखान्यात असलेल्या सर्वांत मोठ्या अक्षरांच्या खिळ्यांत:

लातूर – मद्रास
मार्गे सोलापूर

आणि खाली मध्यम अक्षरात: भांडण झाले तर जायचे गाव. निवाडा करणारा माणूस कंपनी ठरवील. इथले कोर्ट बहुधा ऐकणार नाही.

पहिल्या गिऱ्हाइकाने पेन हातात घेतले होते ते थांबवले. "अप्पा, मद्रासला कोण चाललंय?"

"तुमी," अप्पा म्हणाले.

"मी कशाला?"

"पंप जळला तर."

त्यानंतर दुकानात बोलणे सुरू झाले. कुणी हसून सही केली, "नशिबात मद्रास असंल तर ते बी बघून येऊ." कुणी विचारले की गाव बदलून मिळते का. कुणी करार न करता रोखीने पंप नेला आणि दुरुस्ती आपली आपण करू म्हणाला. एक जण म्हणाला, अप्पा, तुम्ही दुकान चालवायला बसलाव का बंद करायला? विक्री घटली. अप्पांनी चिठ्ठी काढली नाही. मी यावर बातमी लिहिली नाही. आपण स्वतः ज्यात हात घातला आहे त्याची बातमी करू नये, असे आम्हाला शिकवले होते.

एजंट ठरल्याप्रमाणे आला. सोलापूरचा तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, बोलायला सभ्य. अप्पांच्या दुकानात खुर्ची टाकून बसला. काकू आल्या. मी पंपांच्या रांगेमागे उभा होतो. बाहेर टँकरसाठी लावलेल्या घागरींची रांग अगदी दुकानाच्या पायरीपर्यंत आली होती.

एजंटने करार काढला. अप्पांनी तो त्याच्या हातातून घेतला, शांतपणे चिठ्ठी टाचली आणि काकूंपुढे ठेवला.

"ही काय भानगड?" एजंट म्हणाला. "कंपनीच्या कागदावर दुकानाची चिठ्ठी चालत नाही."

"टाचणी हाय, डिंक न्हाई," अप्पा म्हणाले. "काढायची तर काढा."

पण ती काकूंच्या हातात होती. काकू अक्षर लावून लावून वाचत. पहिली ओळ वाचायला त्यांना वेळ लागला नाही.

काकूंनी सही करावी असे मला वाटत होते. हे लिहून ठेवले पाहिजे, कारण चिठ्ठी माझी होती. सही झाली असती तर दोन दिवसांत पाणी आले असते, पंगत पुन्हा लांब झाली असती, आणि मला भिंतीकडेची जागा राहिली असती. वाद उद्भवलाच तर पुढचे पुढे, असा विचार मी केला. कलमे बारीक छापणारेही असाच विचार करत असतील.

"तुमची माणसं लातूरला येत्यात का?" काकूंनी विचारले.

"मी आलोय की."

"तुमी पंप विकायला आलाव. मी भांडायला येत्यात का इचारायले."

एजंट हसला. "काकू, भांडण होणारच नाही. माल चांगला आहे."

"मग गाव बदला. भांडण व्हणारच न्हाई तर मद्रास काय आन् लातूर काय. खोडा आन् लातूर लिहा. आत्ता सही करते."

"मला तो अधिकार नाही."

"कुणाला हाय?"

"वरच्या साहेबांना."

"ते कुठं बसत्यात?"

"मद्रासला."

पायरीवर घागर घेऊन बसलेल्या दोन बायका मोठ्याने हसल्या. अप्पाही हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी टाचणी काढली, चिठ्ठी घडी करून स्वतःकडे ठेवली आणि करार एजंटला परत दिला.

"बेडा," त्या म्हणाल्या.

खानावळ त्या महिन्याअखेर बंद झाली. शेवटच्या दिवशी सर्व्हेअर आला नाही, त्यामुळे पंगतीला मी एकटाच होतो. काकू समोर बसल्या. उदगीरला पाणी नव्हते आणि लेकीच्या सासरी जाऊन राहणे त्यांना पटत नव्हते. त्यांना हातातले काम येत होते ते एकच. ते करायला पाणी असलेले गाव पाहिजे होते.

मी म्हणालो की नांदेडला माझ्या दोन खोल्या बंद आहेत. नळ आहे, नदी जवळ आहे, शेजारी कॉलेजची मुले राहतात.

"भाडं?"

"द्या तुम्हाला जमेल ते."

"असं न्हाई. कागद करा."

तिथेच, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, माझ्या बातम्यांच्या कागदावर करार लिहिला. मी वर ‘श्री’ घालणार तेवढ्यात त्यांनी हात आडवा केला. "आधी गाव."

"कसलं गाव?"

"भांडणाचं. ते पयलं लिहा, मोठं. मग बाकीचं."

मी विचारले, कोणते लिहू? त्यांनी विचार केला. "नांदेड. मी तिथं असणार. भांडण झालं तर तुमी यायचं."

"आणि निवाडा कोण करणार?"

"कुणी नेमायचा न्हाई. तुमी यायचं, हातपाय धुवायचे, आधी जेवायचं. मग भांडू."

तसेच लिहिले. मराठीतला मी पाहिलेला हा सर्वांत स्पष्ट करार आहे. वर मोठ्या अक्षरात नांदेड, खाली दोघांच्या सह्या. किल्ली खिशातून काढून दिली. ती बरेच दिवस तिथे राहिली होती, त्यामुळे खिशाचे अस्तर त्या जागी फाटले होते.

काकूंची खानावळ नांदेडला चालली. हे मला मनिऑर्डरच्या कूपनांवरून कळत असे. भाड्याबरोबर त्या दर महिन्याला एक ओळ लिहून घेत, बहुतेक एखाद्या मेंबराकडून. नळ गळत होता, नीट केला. मागचे दार रंगवले. मेंबर वाढले. मी हॉटेलात जेवू लागलो, पुढे स्टोव्ह घेतला. अप्पा अधूनमधून खालून हाक मारत, "पत्रकार, जेवलाव का?" आणि मी हो म्हणे. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला आणि पंपाच्या व्यवहारात तेवढा जीव राहिला नाही. चिठ्ठ्यांचा उरलेला गठ्ठा अप्पांनी पंपाखाली आधाराला घातला.

नांदेडला जायला तशी मला बंदी नव्हती. पण एकट्या बाईच्या दारात, काही कारण नसताना, घरमालकाने उभे राहणे बरे दिसले नसते. भाडे मागायला आल्यासारखे झाले असते. जाण्याचे कारण कागदावर लिहिलेले होते, आणि ते घडत नव्हते.

एका वळवाच्या पावसात वादळाने नांदेडला बरीच घरे उघडी पडली. ती बातमी तिकडच्याच कचेरीने केली. दोन दिवसांनी काकूंचे पोस्टकार्ड आले. पुढच्या खोलीचे दोन पत्रे उडाले, दुरुस्ती घरमालकाची का भाडेकऱ्याची, ते कागदात लिहिलेले नाही. अक्षर कुणाचे तरी होते, वाक्य त्यांचे होते.

मी कार्ड पुन्हा वाचले. खरेच, ते आम्ही लिहिले नव्हते. मी रजेचा अर्ज लिहिला, ‘कारण’ या रकान्यात ‘घरगुती वाद’ असे भरले, धोतरजोडी इस्त्रीला दिली आणि नांदेडच्या सकाळच्या गाडीची वेळ अप्पांना विचारली.

"काय काम काढलं?" अप्पा म्हणाले.

"भांडण आहे."

"आरं वा," ते म्हणाले, आणि खरेच आनंदले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या टपालाने आणखी एक कार्ड आले. पत्रे मेंबरांनी मिळून बसवले, खर्च सगळ्यांनी वाटून घेतला, भांडण नाही, येऊ नका.

अर्ज फाडला. संध्याकाळी बातम्यांचे पाकीट घेऊन स्टँडवर गेलो. नांदेडची गाडी लागली होती, पाटी नवी रंगवलेली होती. पाकीट ड्रायव्हरच्या हातात दिले, त्याने ते नेहमीप्रमाणे काचेपाशी ठेवले, आणि गाडी सुटेपर्यंत मी तिथे उभा राहिलो.